मृगाआधी एक भिंत

सकाळी ७.३०. कन्नड, चाळीसगाव रस्ता. पत्र्याची खोली, पंधरा बाय दहा. पुढं चहाचं हॉटेल, मागं मावशीचा संसार. याच रस्त्यावरच्या औट्रम घाटात जड वाहनांना २०२३ च्या ऑगस्टपासून बंदी आली आणि ट्रकवाल्यांचा चहा गेला. आता दुचाकीवाले थांबतात. मृग आठवड्यावर आहे आणि पश्चिमेची भिंत खालून गेली आहे.

८.००. मिस्त्री पेचकस घेऊन खाली बसतो. टोचेल तिथं आरपार. जमिनीपासून दीड फूट पत्रा पापडासारखा तुटतो, वरचा मात्र ठणठणीत. छताची धार इथंच पडते, चिखल उडतो, शिवाय शेळी इथंच बांधलेली असते. मुतानं जस्ताचा मुलामा जातो, मग लोखंडाला वेळ लागत नाही. "सगळा पत्रा नाही बदलायचा मावशी, खालचाच कापू."

९.१५. दुकान. आठ बाय चारचा चोवीस गेजचा एक प्लेन पत्रा, १४ किलो, ९० रुपयांनी १२६०. वॉशरसकट स्क्रू १८०, रेड ऑक्साइड ११०, ग्राइंडरची दोन चाकं ५०. सोळाशे झाले. मावशी कनवटीच्या नोटा दोनदा मोजते. पत्रा रिक्षात मावत नाही म्हणून हेल्पर डोक्यावर घेतो. वाऱ्यानं तो हेलकावतो, समोरचे लोक बाजूला होतात.

१०.३०. खडूची रेघ, दोरीनं सरळ केलेली. ग्राइंडर लागतो. ठिणग्या, गंजाची लाल धूळ, जळका वास. मिस्त्रीच्या डोळ्यांवर उन्हाचा गॉगल, तेवढंच संरक्षण. कापलेला भाग पडला की आतली भांडी रस्त्याला दिसतात. मावशी साडी आडवी बांधते.

१२.१०. लाइट गेली. नवा पत्रा उभा कापायचा राहिलाय. मिस्त्री कात्री काढतो. आठ फूट कापायला अर्धा तास लागतो. अंगठ्याच्या बुडाला घट्टा आहे, कात्रीची मूठ बरोबर त्यावरच बसते. एका पत्र्याच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी दोन फूट उंच. सोळा फूट झाले, भिंत पंधरा. उरलेला फूट सांध्यात एकावर एक.

१.३०. भाकरी, ठेचा, कांदा. चहा हॉटेलचा, त्याचे पैसे धरलेले नाहीत.

२.१५. अजून लाइट नाही. हेल्पर खालचा आडवा अँगल तारेच्या ब्रशनं घासतो, मग रेड ऑक्साइड. मिस्त्री जुन्या विटांची एक ओळ मांडतो, सिमेंट न घालता. पत्रा तीन इंच वर राहील, ओल्या मातीला टेकणार नाही. हे पहिल्यांदाच केलं असतं तर आज एवढं कापावं लागलं नसतं. पण पत्रा मातीत गाडला की उंदीर येत नाहीत, असं सगळेच म्हणतात. उंदीर तरीही येतात.

३.४०. लाइट आली. पट्टी आतून, जुना पत्रा बाहेरून. उलटं लावलं तर पाणी सांध्यातून थेट अंथरुणावर. नऊ इंच एकावर एक ठेवलंय. ड्रिल, स्क्रू, ड्रिल, स्क्रू. वॉशर जरासा फुगला की थांबायचं, जास्त आवळला तर फाटतो.

"सांध्याला वेल्डिंग मारू का? पक्कं होईल."

"नको बाबा. जागा कुठं आपली आहे? उद्या उठा म्हणले तर खोलून ट्रॉलीत टाकता आली पाहिजे."

खोली अशीच, खोललेल्या पत्र्यांत, इथं आली होती.

५.३०. नळीदार पत्र्याच्या पन्हाळ्यांत फटी उरतात. मावशी चिंध्या कोंबते. मिस्त्री वरून बादलीभर पाणी ओततो. आत एका जागी ठिबकतं. तिथं आणखी एक स्क्रू.

६.१५. भंगारवाला. गंजलेले तुकडे चार किलो, २० रुपयांनी ८०. मजुरी चौदाशे ठरली होती, मिस्त्रीचे ९०० आणि हेल्परचे ५००. मावशीजवळ हजारच निघतात. मिस्त्री ५०० हेल्परच्या हातावर ठेवतो, ५०० आपल्या खिशात. "राहिलेले शनिवारी." मग दक्षिणेच्या भिंतीला पेचकस टोचून बघतो.

"ती पोळ्यानंतर," मावशी म्हणते. "शेळी मात्र आजच हलवते."