विश्लेषण : इंटरनेट सुरू, ॲम्प्लिफायर सुरू, मग घरातला म्युझिक स्ट्रीमर ‘सापडत’ का नाही?

अहिल्यानगर : सावेडी, केडगावच्या फ्लॅटपासून संगमनेर, श्रीरामपूरच्या बंगल्यांपर्यंत फायबर इंटरनेट पोहोचले आहे. त्यामागोमाग दिवाणखान्यात वायफायवर चालणारे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि जुन्या हाय-फाय सेटला जोडायचे स्ट्रीमरही येऊ लागले आहेत. मात्र खोके उघडल्यावर अनेकांचे गाडे एकाच जागी अडते. मोबाइलमधील ॲप ‘डिव्हाइस सापडले नाही’ एवढेच सांगते. दुकानदार म्हणतो नेट खराब, नेटवाला म्हणतो स्पीकर खराब. या टोलवाटोलवीत वस्तू परत करण्याची मुदत निघून जाते. बऱ्याचदा दोष यंत्रात नसतो, तर जोडणीत असतो. तो कसा ओळखायचा?

स्ट्रीमर ब्लूटूथपेक्षा वेगळा कसा?

ब्लूटूथमध्ये गाणे मोबाइलमधून थेट स्पीकरकडे जाते. मोबाइल घेऊन कोणी बाहेर गेले की गाणे थांबते. स्ट्रीमरच्या बहुतेक सेवांमध्ये मोबाइल केवळ रिमोटचे काम करतो आणि गाणे राउटरमार्फत स्ट्रीमर स्वतःच इंटरनेटवरून ओढून घेतो. त्यामुळे आवाजाचा दर्जा चांगला मिळतो आणि मधेच फोन आला तरी गाण्यात खंड पडत नाही. पण यासाठी मोबाइल आणि स्ट्रीमर दोघेही एकाच घरगुती नेटवर्कवर असावे लागतात. बहुतेक तक्रारींचे मूळ याच अटीत असते.

पहिल्याच पायरीवर जोडणी का तुटते?

नव्या स्ट्रीमरला घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड माहीत नसतो. म्हणून अनेक यंत्रे सुरुवातीला स्वतःचे छोटे वायफाय तयार करतात. मोबाइल त्याला जोडायचा आणि ॲपमधून घरचा पासवर्ड त्याच्याकडे पाठवायचा, अशी ही रीत आहे. या तात्पुरत्या वायफायवर इंटरनेट नसते. ‘इथे नेट नाही’ हे लक्षात येताच मोबाइल आपणहून मोबाइल डेटावर जातो आणि जोडणी अर्धवट राहते. उपाय सोपा आहे. जोडणी होईपर्यंत मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवावे.

दुसरा अडथळा परवानग्यांचा. आयफोनमध्ये २०२० पासून, म्हणजे आयओएस १४ पासून, घरातील इतर उपकरणे शोधण्यासाठी ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी लागते. अँड्रॉइडवर त्यासाठी लोकेशन किंवा ‘निअरबाय डिव्हाइसेस’ची परवानगी मागितली जाते. घाईत ‘नको’ दाबले गेले असेल, तर ॲपला शेजारी ठेवलेला स्पीकरही दिसत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी पुन्हा देता येते.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

घरातले बहुतेक राउटर या दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून तुलनेने बरा पार होतो, पण त्यावर गर्दी असते. शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात येतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण पल्ला कमी. काही स्ट्रीमरना फक्त २.४ चालते. अशा यंत्राला ५ गिगाहर्ट्झचे वायफाय यादीत दिसतच नाही. राउटरवर दोन्ही पट्टे सुरू असतील, तर मोबाइल एकावर आणि स्ट्रीमर दुसऱ्यावर असला तरी सहसा अडचण येत नाही, कारण नेटवर्क एकच असते.

घराच्या बांधकामाचाही परिणाम होतो. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती, सळयांचा स्लॅब, लोखंडी कपाट हे सगळे सिग्नल अडवतात. राउटर गॅलरीजवळ आणि स्ट्रीमर ॲम्प्लिफायरच्या मागे कोपऱ्यात असेल, तर नवा प्लॅन घेण्याआधी दोघांच्या जागा बदलून पाहाव्यात.

घरात दोन राउटर असतील तर?

ही सर्वात फसवी अडचण. फायबरवाल्याने बसवलेला डबा हा स्वतःच एक राउटर असतो. त्याला आणखी एक राउटर जोडला, की अनेकदा घरात नकळत दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. मोबाइल एकावर आणि स्ट्रीमर दुसऱ्यावर गेला, तर दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालते, पण ते एकमेकांना दिसत नाहीत.

हे ओळखण्यासाठी दोघांचे आयपी ॲड्रेस पाहावेत. मोबाइलचा १९२.१६८.१.५ आणि स्ट्रीमरचा १९२.१६८.१.९ असेल, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असतील, तर दोघे बहुधा एकाच नेटवर्कवर आहेत. स्ट्रीमरचा १९२.१६८.०.९ दिसला, तर नेटवर्क वेगळे. अशा वेळी दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकावा. स्ट्रीमरचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, असे समजावे.

‘गेस्ट’ वायफायवरही हीच गत होते. पाहुण्यांच्या मोबाइलला घरातील इतर उपकरणे दिसू नयेत, यासाठीच ती सोय असते. स्ट्रीमर कधीही मुख्य वायफायलाच जोडावा.

वेगवान प्लॅन घेतल्याने प्रश्न सुटतो का?

सहसा नाही. सीडीच्या दर्जाच्या संगीताला, कोणतेही आकुंचन न करता, सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझ’ संगीतालाही ९.२ मेगाबिटच्या आसपास पुरतात. म्हणजे ३० एमबीपीएसचा साधा प्लॅनही यासाठी भरपूर आहे. गाणे अडखळत असेल, तर बहुतेक वेळा कारण राउटर ते स्ट्रीमर या शेवटच्या काही फुटांत असते.

ते शोधण्याची खात्रीची चाचणी म्हणजे लॅन केबल. स्ट्रीमरला लॅनचे पोर्ट असेल, तर तो थेट राउटरला वायरने जोडावा. वायरवर गाणे नीट वाजले, तर यंत्र ठीक आहे आणि अडचण वायफायची आहे. वायरवर मोबाइल आणि लॅपटॉप चालत असताना स्ट्रीमरच चालत नसेल, तर दुकानदाराकडे जायला ठोस कारण मिळते. घरात ही केबल १०० मीटरपर्यंत टाकता येते. शक्य असेल तर ती कायमची ठेवणे उत्तम.

वीज गेल्यावर रोज तोच गोंधळ का?

वीज परत आली की स्ट्रीमर लवकर सुरू होतो, तर राउटर आणि फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर काही यंत्रे वायफाय शोधणे सोडून देतात. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर स्ट्रीमर एकदा बंद करून चालू करावा. राउटरसाठी छोटा यूपीएस घेताना ॲडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का, हे आधी पाहावे.

खरेदीपूर्वी आणि नंतर काय तपासावे?

लॅन पोर्ट आहे का, २.४ सोबत ५ गिगाहर्ट्झ चालते का आणि ऑक्स किंवा ब्लूटूथचा पर्याय आहे का, हे पाहावे. कारण अशी यंत्रे कंपनीच्या ॲपवर अवलंबून असतात. सोनोस कंपनीने मे २०२४ मध्ये नवे ॲप आणले, तेव्हा आधी चालणाऱ्या सोयी गायब झाल्याने जगभरातील ग्राहक संतापले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने पद सोडले.

खोके, बिल आणि परत करण्याची तारीख जपून ठेवावी. ॲपवर आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट आणि लॅन चाचणीचा व्हिडिओ काढून ठेवावा. यंत्र सदोष असूनही दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाऊ शकतो. त्यामुळे विक्रेता मुंबईचा किंवा ऑनलाइन असला, तरी अकोले किंवा जामखेडच्या ग्राहकाला जिल्ह्याबाहेर धाव घेण्याची गरज नाही.