दोन चवडींतून एक रांग

आपल्या निंबर्गा-आळंद भागात पूर्वी ज्वारी पेवात साठवत. जी ज्वारी शेवटी ओतली ती आधी बाहेर निघे, आधी ओतलेली तळाशी राही. संगणकशास्त्रात अशा रचनेला 'स्टॅक' म्हणतात. १९५७ साली फ्रीडरिश बाउअर व क्लाउस सामेलसन या जर्मन शास्त्रज्ञांनी या तत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला. जर्मन भाषेत त्याला 'तळघर' या अर्थाचाच शब्द आहे, तेव्हा पेवाची उपमा काही ओढूनताणून आणलेली नाही!

दुसरी रचना 'क्यू', म्हणजे रांग. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे राहिलेल्या पालकांना ती समजावून सांगायला नको. जो आधी आला त्याला आधी दर्शन.

आता प्रश्न असा, की हाताशी फक्त स्टॅक असतील तर त्यांतून रांग तयार होईल का? काही संगणकभाषांत यादीला एकाच टोकाकडून हात घालता येतो, तेथे हा प्रश्न खरोखरच पडतो.

समजा, बाईंच्या टेबलावर गृहपाठाच्या वह्यांची चवड आहे. १ क्रमांकाची वही आधी आली म्हणून तळाशी, ३ क्रमांकाची वर. बाई वरून तपासू लागल्या तर ज्याने अभ्यास सर्वांत आधी केला त्याचीच वही शेवटी! म्हणून एकेक वही उचलून शेजारी दुसरी चवड रचावी. क्रम उलटतो आणि १ क्रमांकाची वही वर येते. तपासणी या दुसऱ्या चवडीतून करायची. नव्या वह्या मात्र पहिल्या जागीच ठेवायच्या.

खरी मेख पुढे आहे. १ तपासून झाली, २ आणि ३ शिल्लक आहेत, तेवढ्यात ४ व ५ आल्या. त्या लगेच दुसऱ्या चवडीवर उलटल्या तर २ च्या आधी ४ चा नंबर लागेल. रांग मोडली! म्हणून दुसरी चवड पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही, आणि लावला की ती सगळीच उलटायची, अर्धी नाही. प्रोग्राम लिहिताना बहुतेक चुका येथेच होतात.

कोणी म्हणेल, शंभर वह्या उलटणे म्हणजे केवढा खटाटोप! पण हिशेब करून पाहा. प्रत्येक वही दोनदा ठेवली जाते व दोनदा उचलली जाते. शंभर वह्यांना चारशे हालचाली, हजारांना चार हजार. सरासरी तीच राहते. मात्र उलटण्याच्या वेळी सर्वांना थांबावे लागते. जेथे क्षणाचाही खोळंबा चालत नाही तेथे ही रीत आहे तशी उपयोगाची नाही.

उलट, एका रांगेतून स्टॅकही करता येतो. नवा माणूस शेवटी उभा राहिला की त्याच्या पुढच्यांना एकेक करून त्याच्या मागे पाठवायचे. पण यात सुटका नाही, कारण शंभरांच्या रांगेत प्रत्येक नव्या माणसासाठी शंभरही जणांना हलावे लागते.