श्वानदंशानंतरचे तयार संरक्षण : मोनोक्लोनल प्रतिपिंडे कशी बनतात?

भिलाई (छत्तीसगड) : भल्या पहाटे पोलाद कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार असो वा शाळेत जाणारे मूल, कुत्र्याच्या चाव्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचण्याची शक्यता जवळजवळ संपते. लस घेतल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण ७ ते १४ दिवस लागतात. खोल किंवा रक्तस्राव झालेल्या जखमेत हा मधला काळ धोक्याचा असल्याने रुग्णाला लसीसोबत तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात.

ही प्रतिपिंडे पूर्वी केवळ घोड्याच्या किंवा लस घेतलेल्या माणसांच्या रक्तद्रवातून मिळवली जात. घोड्याच्या रक्तद्रवामुळे ॲलर्जीचा धोका असतो, तर मानवी रक्तद्रव महाग आणि दुर्मीळ आहे. त्यावरील पर्याय म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंडे.

या तंत्राचा पाया जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे घातला. प्रतिपिंडे तयार करणारी उंदराची पेशी त्यांनी अखंड वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीशी जोडली. अशा एकाच पेशीच्या वंशावळीतून एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. या संशोधनासाठी दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बहुधा निवडक प्रतिपिंडाचे जनुक हॅमस्टरच्या पेशींत घालून त्या मोठ्या टाक्यांमध्ये वाढवल्या जातात. त्यांनी स्रवलेली प्रतिपिंडे गाळून, शुद्ध करून कुप्यांत भरली जातात. स्तनांच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब आणि रक्ताच्या काही कर्करोगांवरील रिटुक्सिमॅब ही याच कुळातील औषधे. ‘मॅब’ हा शेवट त्यांची ओळख सांगतो.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसबायोलॉजिक्स या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले ‘रॅबिशिल्ड’ हे रेबीजवरील जगातील अशा प्रकारचे पहिले औषध ठरले. मानवी रक्तद्रवातील प्रतिपिंडांची मात्रा शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० एकके, घोड्याच्या रक्तद्रवातील ४० एकके, तर रॅबिशिल्डची केवळ ३.३३ एकके असते. औषध जखमेत आणि तिच्याभोवती टोचले जाते.

मात्र, हे औषध लसीची जागा घेत नाही. ते केवळ सुरुवातीच्या दिवसांत विषाणूला जखमेपाशीच रोखते. पुढील संरक्षण लसच देते. त्यामुळे चावा बसताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे, त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आणि लसीच्या सर्व मात्रा पूर्ण करणे अत्यावश्यक आहे.