बाथरूम नवे करताना आजी-आजोबांना विचारा

बाथरूम नवे करायचे ठरले की घरात चर्चा रंगते ती टाइल्सच्या रंगाची आणि शॉवरच्या किमतीची. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना त्यात कुणी विचारत नाही. सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग कक्षात खुब्याचे हाड मोडून आलेल्या वृद्धांना ‘कुठे पडलात?’ असे विचारले, की ‘बाथरूममध्ये’ हे उत्तर वारंवार ऐकू येते.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात, नजर मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीला जास्त होते, रात्री उठावे लागते आणि झटकन उभे राहिले की रक्तदाब उतरून भोवळ येते. तोल जाताच हात जातो टॉवेलच्या दांडीकडे. ती माणसाचे वजन पेलण्यासाठी नसतेच!

आधाराच्या दांड्यांची जागा टाइल्स लागण्यापूर्वीच ठरवावी. कमोडशेजारी एक, अंघोळीच्या जागी एक, जमिनीपासून साधारण 33 ते 36 इंचांवर. त्याहून चांगले म्हणजे आजींना तिथे स्टुलावर बसवून हात सहज कुठे पोचतो ते पाहावे आणि भिंतीवर खूण करावी. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लग धरत नाही; दांडी कशावर बसवणार, हे कंत्राटदाराला विचारावे. फरशी खरखरीत घ्यावी. दुकानात टाइलवर पाणी टाकून पाय घासून पाहायला लाजू नये. दार बाहेर उघडणारे हवे, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारे दार अडते. गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कोंडलेल्या जागेत तो जीव घेतो.

हे सारे कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात लेखी यायला हवे. ‘करून देतो’ या शब्दावर विसंबू नये. वॉटरप्रूफिंग झाल्यावर किमान 24 तास पाणी साठवून खालच्या मजल्यावरचे छत तपासावे, मगच टाइल्स लावू द्याव्यात. शेवटचा हप्ता देण्याआधी बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच वाहते का, हे पाहावे. साचलेले पाणी म्हणजे शेवाळ आणि घसरण.

काम चालू असताना आजोबांनी रात्री कुठे जायचे, हेही तोडफोडीच्या आधी ठरवावे. शेजारचे बाथरूम जिन्यापलीकडे असेल, तर तेवढ्या दिवसांसाठी कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.