टू-स्ट्रोक इंजिनातील ठिणगीची वेळ व पेट्रोलचा ऑक्टेन अंक : परभणी जिल्ह्यातील जुन्या वाहनांच्या संदर्भात

प्रस्तावना :

सन १९७२ मध्ये लुना आणि बजाज चेतक ही दोन वाहने बाजारात आली. पुढील तीन दशके मराठवाड्याच्या ग्रामीण भागातील दूधविक्रेता, शिक्षक, शेतकरी आणि छोटा व्यापारी यांची वाहतूक प्रामुख्याने टू-स्ट्रोक इंजिनावर अवलंबून होती. १९८५ नंतर यामाहा आर.एक्स. १०० ने तरुण वर्गास आकर्षित केले. या गाड्यांचे उत्पादन थांबले असले तरी परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी या परिसरात अशी अनेक वाहने आजही वापरात आहेत. या वाहनांविषयी एक समजूत दृढ आहे. गाडी आवाज करू लागली की महागडे 'पॉवर' पेट्रोल भरावे आणि ओढ कमी झाली की टायमिंग पुढे घ्यावे, असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीची शास्त्रीय तपासणी करणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१) ठिणगीची वेळ व ऑक्टेन अंक यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा जुन्या टू-स्ट्रोक इंजिनावर होणारा परिणाम समजून घेणे.
३) दुरुस्तीचा योग्य क्रम सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे भूमितीय गणिताचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) ठिणगी आधी का पडते?

पेट्रोल व हवा यांचे मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत स्पार्क प्लगपासून सिलिंडरभर पसरण्यास काही काळ लागतो. म्हणून पिस्टन सर्वोच्च स्थानी पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ६००० फेऱ्या या वेगाने क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. म्हणजे २० अंश आधी ठिणगी पडल्यास ज्वलनासाठी केवळ ०.५६ मिलिसेकंद मिळतात. मेकॅनिक ही वेळ बहुधा पिस्टनच्या अंतरावरून मोजतात. आर.एक्स. १०० प्रमाणे ५० मि.मी. स्ट्रोक आणि १०० मि.मी. लांबीचा कनेक्टिंग रॉड गृहीत धरल्यास १८ अंशांना पिस्टन सर्वोच्च स्थानापासून सुमारे १.५२ मि.मी., २० अंशांना १.८७ मि.मी. आणि २२ अंशांना २.२६ मि.मी. खाली असतो. याचा अर्थ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी चुकीने टायमिंग दोन अंशांनी बदलते. डोळ्याच्या अंदाजाने टायमिंग लावणे का धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येते.

पॉइंट असलेल्या इंजिनात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पॉइंटमधील फट वाढली की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होऊन टायमिंग मागे पडते. म्हणून आधी फिलर गेजने फट निश्चित करावी आणि नंतरच टायमिंग लावावे.

ब) ऑक्टेन अंक म्हणजे काय?

आयसो-ऑक्टेन या द्रवास १०० व नॉर्मल हेप्टेनला शून्य असे अंक दिलेले आहेत. पेट्रोल आपोआप भडकण्यास किती विरोध करते, हे त्यांच्या तुलनेने ठरते. ऑक्टेन हे शक्तीचे माप नाही. ठिणगी फार आधी पडली, तर न जळलेले उरलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे एकदम भडकते आणि इंजिन 'टकटक' असा धातूसारखा आवाज करते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा धोका पुढे ढकलते. मात्र ज्या इंजिनात असा अकाली भडका होतच नाही, त्यात महाग पेट्रोल भरून विशेष लाभ होत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी. भारतात रिसर्च ऑक्टेन अंक वापरला जातो. अमेरिकेत पंपावर रिसर्च व मोटर या दोन अंकांची सरासरी लिहितात. त्यामुळे तेथील टू-स्ट्रोक चारचाकी ए.टी.व्ही. वाहनाच्या पुस्तिकेतील ८७ हा अंक आपल्याकडील सुमारे ९१ च्या बरोबरीचा असतो.

क) बदललेले इंधन

दि. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. अलीकडे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र पोहोचले आहे. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन अंक १०० हून अधिक असल्याने मिश्र इंधनाचा अंक सुमारे ९५ पर्यंत जातो. म्हणजे जुन्या इंजिनांना आज ऑक्टेनची उणीव क्वचितच भासते. खरी अडचण वेगळीच आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ भाग. जुना कार्ब्युरेटर हा फरक ओळखत नाही. परिणामी मिश्रण ७ ते ८ टक्के पातळ होते व इंजिन अधिक तापते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. टाकीत पाणी जास्त झाल्यास इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते व वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन घटतो. जुनी रबरी सील व नळ्याही खराब होऊ शकतात. क्रँकची सील गळू लागल्यास बाहेरची हवा आत शिरून मिश्रण आणखी पातळ होते.

टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीस ज्वलन होत असल्याने पिस्टनला थंड होण्यास कमी अवधी मिळतो. परभणीत मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा वेळी पातळ मिश्रण आणि पुढे घेतलेले टायमिंग एकत्र आले की पिस्टन धरतो. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांची गाडी जिंतूर रस्त्यावर भर उन्हात अशीच जाम झाली होती. ओढ वाढावी म्हणून त्या आठवड्यात टायमिंग पुढे घेण्यात आले होते, तर क्रँकची सील फाटलेली असल्याचे इंजिन उघडल्यावरच कळले. पिस्टन व बोरिंगच्या खर्चाने घरातील एका महिन्याचे गणित कोलमडले.

ड) दुरुस्तीचा क्रम

सर्वप्रथम सील व गास्केटमधून हवा शिरत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर कार्ब्युरेटर साफ करून, आवश्यक असल्यास एक क्रमांक मोठा मेन जेट बसवावा. ऑइलचे प्रमाण पुस्तिकेनुसारच ठेवावे. जास्त ऑइल घातल्याने पेट्रोलचा वाटा घटून मिश्रण पातळ होते. पुढे डायल गेजने टायमिंग कंपनीच्या मापावर आणावे व बदल करावयाचा झाल्यास एका वेळी एकाच अंशाचा करावा. चढावर ओझ्यासह गाडी चालवून प्लग तपासावा. पांढराफटक प्लग पातळ मिश्रण दर्शवतो, तर त्यावरील ॲल्युमिनियमचे चमकदार कण पिस्टनची हानी दर्शवतात. टायमिंग अवाजवी मागे नेणेही योग्य नाही. त्यामुळे शक्ती घटते व सायलेन्सर तापतो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा सर्वांत शेवटचा उपाय समजावा.

निष्कर्ष :

१) टायमिंग व ऑक्टेन या परस्परावलंबी बाबी असून एकीचा विचार दुसरीशिवाय करता येत नाही.
२) सध्याच्या इंधनात ऑक्टेनपेक्षा मिश्रण पातळ होणे हा जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा मोठा धोका आहे.
३) महाग पेट्रोल मूळ दोष दूर करीत नाही, तो काही काळ झाकून ठेवते.
४) डायल गेज व फिलर गेज यांचा वापर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आणि गावपातळीवरील मेकॅनिकांपर्यंत पोहोचल्यास सामान्य कुटुंबाचा मोठा खर्च वाचू शकेल.