संगणकाचें पहिलें दालन

संगणकांत ठेवलेला एखादा कागद शोधावयास निघालेल्या मनुष्यास यंत्र प्रथम कोठें नेऊन उभें करतें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु आलेल्या पाहुण्यास ओसरीवर बसवावें, माजघरांत न्यावें, कीं तिजोरीची खोलीच दाखवावी, याविषयीं जो गृहस्थ कटाक्षानें वागतो, तोच संगणकाच्या बाबतींत हा निर्णय यंत्र बनविणाऱ्यांवर सोपवून मोकळा होतो. वस्तुतः हा निर्णय घरधन्याचा आहे, आणि तो परत आपल्या हातीं घेण्यास पांच मिनिटें पुरतात.

संगणकांतील कागदपत्रें, छायाचित्रें, हिशेब हीं सर्व फोल्डर नांवाच्या कप्प्यांत ठेवलेलीं असतात. हे कप्पे उघडून दाखविणाऱ्या कारभाऱ्यास विंडोज प्रणालींत 'फाइल एक्सप्लोरर' म्हणतात, ॲपलच्या मॅक संगणकांत 'फाइंडर'. त्यास हाक मारली कीं तो एक खिडकी उघडतो, व त्या खिडकींत प्रथम काय दिसावें हें आधींच ठरलेलें असतें. युनिक्स या जुन्या प्रणालींत ही सोय फार सरळ होती. प्रत्येक वापरणाऱ्यास 'होम' म्हणून स्वतःची एक जागा नेमून दिलेली असे. तो प्रणालींत शिरला कीं तेथेंच उतरे, आणि कोठेंही भटकत गेला तरी 'सी' व 'डी' हीं दोन अक्षरें टंकून परत घरीं येई.

विंडोजमध्यें मात्र हें घर वारंवार हललें. २००९ सालच्या विंडोज ७ मध्यें कामपट्टीवरील पिवळ्या फोल्डरच्या चिन्हावर टिचकी मारली असतां 'लायब्ररीज' उघडत. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्यें 'धिस पीसी', म्हणजे यंत्रांतील ड्राइव्हांची यादी, पुढें आली. २०१५ च्या विंडोज १० नें 'क्विक ॲक्सेस' आणिलें, आणि २०२१ मध्यें निघालेल्या विंडोज ११ मध्यें, पुढील वर्षाच्या सुधारणेनंतर, त्याच जागेस 'होम' हें नांव मिळालें. नांव जुनें, पण अर्थ अगदीं उलटा! युनिक्सचें होम ही मालकाची खोली होती. येथील होम म्हणजे मालक अलीकडे कोठें कोठें गेला होता, याचा यंत्रानें मांडलेला रोजनामा.

या दालनांत दोन गोष्टी दिसतात: वारंवार उघडलीं जाणारीं फोल्डरें आणि नुकत्याच उघडलेल्या फाइली. एकट्या माणसाच्या यंत्रांत ही योजना सोयीची खरीच. कालचें अर्धें राहिलेलें पत्र आज न शोधतां हातीं लागतें. परंतु पुष्कळ घरांत संगणक एक, त्यावरील खातें एक, आणि वापरणारे चौघे असतात. मुलगी महाविद्यालयाचा अर्ज छापावयास बसते, आणि वडिलांनीं रात्रीं वाचलेला रुग्णालयाचा अहवाल नांवासकट तिच्या डोळ्यांपुढें येतो. जी बातमी सावकाश, योग्य वेळीं सांगावयाची, ती यंत्र न विचारतां सांगून टाकतें. दूरस्थ सभेंत पडदा इतरांस दाखवीत असतां खिडकी उघडली, तर हीच यादी साऱ्या सभेस वाचावयास मिळते.

यावर उपाय साधा आहे. विंडोज ११ मध्यें फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या पट्टींतील तीन टिंबांवर टिचकी मारावी व 'ऑप्शन्स' निवडावें. विंडोज १० मध्यें हेंच 'व्ह्यू' या पानावर सांपडतें. उघडणाऱ्या चौकटींत 'जनरल' या पानाच्या अगदीं वर 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' अशी ओळ असते. तेथें 'धिस पीसी' निवडावें. पण पुष्कळ लोक येथेंच थांबतात, आणि तेथेंच चुकतात. एवढ्यानें केवळ पहिलें दालन बदलतें; यादी पुसली जात नाहीं, आणि डाव्या पट्टींतून एका टिचकीनें तिजपर्यंत कोणासही जातां येतें. म्हणून त्याच पानावर खालीं 'प्रायव्हसी' या मथळ्याखालीं अलीकडील फाइली व वारंवार लागणारीं फोल्डरें दाखविण्याच्या ज्या खुणा असतात, त्याही काढाव्या, आणि 'क्लिअर' हें बटण दाबावें. या बटणानें नोंद पुसते. मूळ फाइलीस धक्का लागत नाहीं.

उलट, यादींतील एखादें नांव नकोसें झालें म्हणून त्यावर 'डिलीट' चालविलें, तर मूळ फाइलच नाहींशी होऊन कचरापेटींत जाते. यादींतून केवळ नांव काढावयाचें तर उजव्या बटणाची टिचकी मारून 'रिमूव्ह' या शब्दानें सुरू होणारी आज्ञा निवडावी. या दोन आज्ञांतील भेद घरांतील प्रत्येकास समजावून द्यावा. त्याहून बरें म्हणजे प्रत्येकास निराळें खातें उघडून द्यावें. या सर्व निवडी खात्यापुरत्याच असतात, त्यामुळें एकाची यादी दुसऱ्यास दिसत नाहीं.

आतां, 'धिस पीसी' म्हणजे नुसत्या ड्राइव्हांची यादी. ज्यास रोज एकाच कामांत लक्ष घालावयाचें आहे, उदाहरणार्थ घरच्या हिशेबांत, त्यास थेट 'हिशेब' हेंच फोल्डर उघडलेलें हवें. विंडोजच्या त्या ओळींत मनाजोगें फोल्डर नेमण्याची सोय नाहीं. ठराविक दोन-तीन नांवांतून निवडावें लागतें. ही उणीव इतक्या वर्षांत भरून निघूं नये, हें खरोखर नवल आहे. त्यावर तोड अशी: त्या फोल्डरवर उजव्या बटणाची टिचकी मारून 'कॉपी ॲज पाथ' निवडावें (विंडोज १० मध्यें त्या वेळीं 'शिफ्ट' कळ दाबून धरावी). मग डेस्कटॉपवर नवा 'शॉर्टकट' करून त्याच्या पत्त्याच्या जागीं 'एक्सप्लोरर' असें रोमन लिपींत टंकावें, एक जागा सोडावी व उतरवून घेतलेला पत्ता चिकटवावा. या शॉर्टकटच्या 'प्रॉपर्टीज'मध्यें त्यास कळांची एखादी जोडणीही नेमून देतां येते, म्हणजे 'कंट्रोल', 'ऑल्ट' व एक अक्षर एकदम दाबतांच हिशेबाचें फोल्डर समोर! 'विंडोज' कळ व 'ई' हीं मात्र पूर्वींचेंच दालन उघडीत राहतात. नेमलेलें फोल्डर पेन ड्राइव्हवर असेल आणि तो जोडलेला नसेल, तर अर्थातच दार उघडणार नाहीं.

मॅकवाल्यांस एवढी यातायात नाहीं. फाइंडरच्या 'सेटिंग्ज'मध्यें 'जनरल' या पानावर नव्या खिडकींत काय दिसावें हें ठरविणारी ओळ असते, आणि तींतील 'अदर' या शब्दानें वाटेल तें फोल्डर नेमतां येतें. लिनक्सवरील 'डॉल्फिन' या कारभाऱ्यासही तसें सांगतां येतें.

एक गैरसमज मात्र पुष्कळांचा असतो. एखाद्या लेखनाच्या प्रोग्रामांतून फाइल उघडतांना वा जतन करतांना जी चौकट येते, ती या निवडीस जुमानीत नाहीं. तो प्रोग्राम बहुधा स्वतः शेवटीं वापरलेली जागा पुढें करतो. महाजालावरून उतरविलेल्या फाइलीही, निराळें सांगितलें नसल्यास, 'डाउनलोड्स'मध्येंच जाऊन पडतात. त्यांची व्यवस्था ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्यें करावी लागते.