बडोद्याची कमाटीबाग

बडोद्यास पाहुणा आला, म्हणजे यजमान त्यास कमाटीबाग दाखविण्यास नेतो. कागदोपत्री या उद्यानाचे नाव सयाजीबाग. परंतु बडोदेकरांच्या तोंडी जुनेच नाव रुळलेले आहे. विश्वामित्री नदीकाठी सुमारे ११३ एकरांवर पसरलेले हे उद्यान १८७९ साली अस्तित्वात आले.

त्या वेळी तिसरे सयाजीराव गायकवाड अल्पवयीन होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसला. राज्याची पूर्ण सूत्रे त्याच्या हाती आली ती १८८१ साली. मधल्या काळात दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहत होते. राजांच्या बागा बहुधा वाड्याच्या भिंतीआड असत आणि प्रजेस त्यांचे दर्शन दुरूनच घडे. ही बाग मात्र नागरिकांसाठी होती. तिच्या थोरवीचे मर्म येथेच आहे.

पुढे सयाजीरावांनी या बागेस विद्येची जोड दिली. १८९४ साली येथे वस्तुसंग्रहालयाची इमारत पूर्ण झाली. शेजारच्या चित्रशाळेचे बांधकाम १९१४ साली संपले. परंतु महायुद्धामुळे युरोपातील चित्रे येण्यास विलंब लागला आणि ती १९२१ साली खुली झाली. देवमाशाचा प्रचंड सांगाडा, मिसर देशाची ममी आणि जवळच्याच अकोट्यास सापडलेल्या प्राचीन जैन कांस्यमूर्ती येथे पाहावयास मिळतात. शाळेची पायरी न चढलेला माणूसही मुलाचा हात धरून येथे येतो आणि चार गोष्टी शिकून जातो.

तथापि केवळ फुलांचे घड्याळ आणि प्राणी पाहून परतणाऱ्यास बागेचा अर्धाच अर्थ कळला असे म्हणावे लागेल. उरलेला अर्धा विश्वामित्री सांगते. मगरींचे वसतिस्थान असलेली ही नदी एरवी संथ दिसते. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिला महापूर आला, वस्त्या जलमय झाल्या आणि मगरी थेट लोकांच्या दारी पोहोचल्या. नदी फुगली म्हणजे तिला पसरावयास जागा हवी असते. मोकळी माती काही पाणी शोषते आणि पुराचा लोंढा आपल्या अंगावर घेते. फरसबंदी व भिंती तेच पाणी शेजारच्या घरात लोटतात. बाग बुडाली तर चिखल काढता येतो. घर बुडाले तर संसारच वाहून जातो.

म्हणून शहरातील मोकळी जमीन ‘रिकामी’ समजणे ही मोठी चूक होय. शंभराहून अधिक एकर जमीन नदीकाठी राखून ठेवणाऱ्यांनी पुढील पिढ्यांना सावली दिली, ज्ञान दिले आणि नदीलाही तिची वाट ठेवली. बाग पाहावयास जाणाऱ्याने वस्तुसंग्रहालयातून बाहेर पडल्यावर क्षणभर नदीकडे वळावे. पूर्वजांनी आपल्यासाठी काय राखले, हे तेथे उमगते. आपण पुढच्यांसाठी काय राखणार, हा प्रश्नही तेथेच उभा राहतो.